ताटाची डावी बाजू

मराठी ताटात मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर डाव्या बाजूला, तर भाजी, उसळ आणि आमटी उजव्या बाजूला वाढण्याची रीत आहे. या मांडणीकडे आहारशास्त्राच्या नजरेने पाहिले तर असे दिसते की विस्तवाचा स्पर्श न झालेले किंवा अगदी थोडा झालेले पदार्थ बहुधा डावीकडे येतात व ते बेताने घ्यायचे असतात, आणि ज्यांनी पोट भरते ते शिजवलेले पदार्थ उजवीकडे व मध्यभागी येतात. कोल्हापूरच्या जेवणात ही विभागणी विशेष ठळक आहे. तांबडा-पांढरा रस्सा तासभर रटरटत असतो, पण त्याच्याबरोबर कांदा आणि लिंबू कच्चेच लागतात. मिसळीची मटकी शिजवलेली असते, पण वर पडणारा कांदा ताजा चिरलेला असतो. आणि शेताच्या बांधावरच्या न्याहारीत भाकरीसोबत मुळा, पातीचा कांदा, मेथीची कोवळी पाने किंवा हरभऱ्याचा पाला तसाच खाल्ला जातो.

गेल्या काही दशकांत जगभर प्रसार पावलेला ‘कच्चा आहार’ ही डावी बाजूच संपूर्ण ताटभर पसरवू पाहतो. या पद्धतीत फळे, भाज्या, सुकामेवा, मोड आलेली कडधान्ये आणि बिया हाच आहाराचा सर्व किंवा बहुतांश भाग असतो आणि कोणताही पदार्थ साधारण 40 ते 48 अंश सेल्सिअसच्या वर तापवायचा नाही, असा नियम पाळला जातो. काही अनुयायी त्यात कच्चे दूध आणि कच्ची अंडीही घेतात. तापवल्याने अन्नातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, नष्ट होतात आणि त्यांच्याविना पचन नीट होत नाही, अशी या नियमामागची धारणा आहे. वनस्पतीतील विकरे त्या वनस्पतीच्या स्वतःच्या गरजेसाठी असतात, त्यांपैकी बहुतेक जठरातील तीव्र आम्लात मोडतात, आणि माणसाच्या पचनाला लागणारी विकरे लाळग्रंथी, जठर, स्वादुपिंड व लहान आतडे स्वतः तयार करतात. त्यामुळे ही धारणा शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. मात्र धारणा चुकीची म्हणून कच्च्या अन्नाचे सगळे गुण खोटे ठरत नाहीत. प्रत्येक पदार्थापुरते तीन प्रश्न विचारणे हा या वादातून बाहेर पडण्याचा सरळ मार्ग आहे : विस्तव या पदार्थातून काय काढून घेतो, त्यात काय मोकळे करतो, आणि त्यातले काय मारतो?

विस्तव काय काढून घेतो

उष्णतेने सर्वांत अधिक नुकसान होते ते क जीवनसत्त्वाचे. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, हवेशी संबंध आला की झिजते आणि तापवले की मोडते. म्हणून पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर त्यातील निम्म्याहून अधिक क जीवनसत्त्व वाया जाऊ शकते. रक्तपेशींच्या निर्मितीसाठी आणि गर्भाच्या मज्जासंस्थेच्या वाढीसाठी आवश्यक असलेले फोलेट, म्हणजे ब गटातील नववे जीवनसत्त्व, हेही असेच नाजूक आहे. लिंबू, पेरू, आवळा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कोवळी मेथी यांचा पूर्ण लाभ हवा असेल तर त्यांचा काही भाग कच्चा खाणे शहाणपणाचे ठरते.

हे क जीवनसत्त्व केवळ स्वतःपुरते उपयोगी नसते, तर शेजारच्या पदार्थातील लोहालाही मदत करते. कडधान्ये आणि धान्ये यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही, कारण त्यांतील फायटेट नावाचे द्रव्य, जे बीजातील फॉस्फरसचा साठा असते, लोह आणि जस्त यांना घट्ट धरून ठेवते. लिंबाचा रस या पकडीला शह देतो आणि लोह शोषण्याजोग्या रूपात राखतो. कांदा आणि लसूण यांच्यामुळेही धान्य-कडधान्यातील लोह व जस्त यांची उपलब्धता वाढते, असे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झालेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसले आहे, आणि हा परिणाम कच्च्या व शिजवलेल्या अशा दोन्ही स्थितींत आढळला. मटकीच्या उसळीवर कांदा घालून लिंबू पिळण्याची कोल्हापुरी सवय चवीसाठी रूढ झाली असली, तरी पोषणाच्या दृष्टीनेही ती उत्तम आहे.

लसणाचे उदाहरण आणखी बारकाईचे आहे. अखंड पाकळीत औषधी गुणाचे गंधकयुक्त द्रव्य तयार नसते. पाकळी ठेचली की तिच्या पेशी फुटतात, एक विकर मोकळे होते आणि त्याच्या क्रियेतून ॲलिसिन हे उग्र वासाचे द्रव्य जन्माला येते. पाकळी न ठेचता थेट तापल्या तेलात टाकली तर ते विकर आधीच निकामी होते, पण ठेचून दहा मिनिटे तशीच ठेवली आणि मग फोडणीत घातली तर बराचसा गुण टिकतो. खर्ड्यासाठी लसूण ठेचणारा दगडी खल हा या अर्थाने अन्नावर विस्तवाविना प्रक्रिया करणारे साधन आहे.

अशा प्रक्रिया मराठी स्वयंपाकात पुष्कळ आहेत. मटकी किंवा मूग भिजवून मोड आणल्यावर कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व निर्माण होते आणि फायटेटचा काही भाग मोडून लोह सुटे होते. तालमीतले पैलवान बदाम भिजवून, सोलून आणि बारीक वाटून थंडाई करतात, तेव्हा बदामाच्या कठीण पेशीभित्ती फुटतात आणि आतील तेल व प्रथिने पचनरसांच्या हाती लागतात. तेच बदाम घाईने चावून गिळले तर त्यांतील मेदाचा काही भाग न पचताच बाहेर पडतो. दुधाचे दही लावल्याने दुग्धशर्करा कमी होते आणि ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही ताक सोसते.

विस्तव काय मोकळे करतो

ज्वारीचा दाणा कच्चा चघळून कोणी पोट भरत नाही, याचे कारण दातांच्या ताकदीपेक्षा पिष्टाच्या रचनेत आहे. पिष्ट, म्हणजे धान्यातील साठवणीचे कर्बोदक, कच्च्या स्थितीत घट्ट कणांच्या रूपात असते आणि पचनविकरांना त्या कणात शिरकाव करणे जड जाते. पाणी आणि उष्णता एकत्र आली की हे कण फुगतात, फुटतात आणि मऊ होतात. भाकरीच्या पिठाला उकळत्या पाण्याची उकड देण्यापासून ती तव्यावर फुगण्यापर्यंत हेच घडत असते. हार्वर्ड विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की माणसाचे लहान दात, आखूड आतडे आणि मोठा मेंदू ही शिजवलेल्या अन्नाची देणगी आहे. या सिद्धांतातील कालगणनेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या स्थितीत एकूण ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा खर्च करतो आणि ती ऊर्जा शिजवलेल्या अन्नातून कमी कष्टात मिळते, याबद्दल दुमत नाही.

प्रथिनांचीही तीच कथा आहे. व्यायाम करणाऱ्या तरुणांमध्ये दुधात कच्ची अंडी फोडून पिण्याची सवय दिसते आणि तिच्यामागे कच्च्यात ताकद अधिक असते हा समज असतो. बेल्जियममध्ये 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे 91 टक्के प्रथिने लहान आतड्यात पचल्याचे, तर कच्च्या अंड्यातील केवळ 51 टक्के पचल्याचे आढळले. कच्च्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते, आणि कवचावर किंवा आत साल्मोनेला जिवाणू असेल तर जुलाब व ताप यांचा धोका वेगळाच. ताकदीसाठी अंडे खायचे तर ते उकडून खाणेच पैलवानाच्या हिताचे आहे.

गाजरातील बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, आणि टोमॅटोतील लाल रंगाचे लायकोपीन ही द्रव्ये पेशींत बंदिस्त असतात व मेदात विरघळतात, म्हणून थोड्या तेलात परतलेल्या भाजीतून ती कच्च्या सॅलडपेक्षा अधिक शोषली जातात. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात, म्हणून अळू चिंचेसह भरपूर शिजवण्याची रीत आहे. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागाचा वाघ्या घेवडा आणि बाजारातील राजमा यांच्या कच्च्या दाण्यांत एक विषारी लेक्टिन असते, जे मूठभर दाण्यांतूनही तीव्र उलट्या घडवू शकते आणि जे भिजवून, पाणी टाकून, खळखळून उकळल्यावरच नष्ट होते. कोल्हापूर-सांगलीच्या शेतांत मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात आणि तेही उष्णतेनेच निकामी होतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द ‘निर्धोक’ या शब्दाचा पर्याय नाही, हे या उदाहरणांतून स्पष्ट होते. वनस्पती आपले बीज वाचवण्यासाठी ही द्रव्ये निर्माण करते, माणसाच्या सोयीसाठी नव्हे.

विस्तव काय मारतो : धारोष्ण दुधाचा प्रश्न

कोल्हापूरच्या संदर्भात कच्च्या अन्नाचा विचार दुधाशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. शहरातील गंगावेश, मिरजकर तिकटी यांसारख्या ठिकाणचे दूध कट्टे प्रसिद्ध आहेत. तेथे म्हैस ग्राहकासमोर पिळली जाते आणि फेसाळलेले, धारेच्याच उबेचे दूध पेल्यात भरून उभ्या उभ्या प्यायले जाते. या दुधाला धारोष्ण म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय, 1912 मध्ये खुले झालेले खासबाग मैदान, पेठापेठांतील तालमी आणि भोवतालच्या गावांतील म्हैसपालन यांच्या संगतीत ही आवड रुजली. दूध डोळ्यांसमोर निघत असल्यामुळे त्यात पाण्याची भेसळ होत नाही ही ग्राहकाला मिळणारी खात्री रास्त आहे, आणि सुमारे 6 ते 7 टक्के मेद व भरपूर प्रथिने व कॅल्शियम असलेले म्हशीचे दूध पौष्टिक आहे, हेही निर्विवाद आहे. परंपरेचाही त्याला आधार आहे : वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात धारोष्ण दुधाची थोरवी सांगितली आहे. मात्र त्याच ठिकाणी न तापवलेले दूध पचायला जड असते आणि योग्य रीतीने तापवलेले दूध तसे नसते, असेही सांगितले आहे, याचा विसर पडता कामा नये.

ताजेपणा आणि निर्जंतुकता हे दोन वेगळे गुण आहेत. शिळ्या दुधात बाहेरून आलेले जिवाणू वाढतात, हा धोका ताज्या दुधात कमी असतो. पण जनावरच आजारी असेल तर काही रोगजंतू कासेतूनच दुधात उतरतात, आणि अशा दुधाची पहिली धारही सुरक्षित नसते. यांपैकी ब्रुसेल्ला हा जिवाणू विशेष महत्त्वाचा आहे. तो गाई-म्हशींत सांसर्गिक गर्भपात घडवतो आणि माणसात आठवडेच्या आठवडे चढउतार होत राहणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी व कंबरदुखी निर्माण करतो, आणि या लक्षणांमुळे तो पुष्कळदा हिवताप किंवा विषमज्वर समजला जातो. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर हा जिवाणू शोधला आणि थेमिस्टोक्लिस झमित यांनी 1905 मध्ये तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून माणसाकडे येतो हे दाखवले. तेथील ब्रिटिश सैनिकांच्या आहारातून ते दूध वगळताच रुग्णसंख्या झपाट्याने घटली. जनावर धडधाकट दिसणे हा निरोगीपणाचा पुरावा नाही, हा या शोधाचा धडा आजही लागू आहे. भारतात 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना आणि रेडकांना ब्रुसेल्लाची लस देण्याची तरतूद आहे, आणि रोग अजून जनावरांत आहे म्हणूनच ती करावी लागली. जनावरांतील क्षयाचा जंतूही कच्च्या दुधातून माणसात येतो आणि पूर्वी गंडमाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मानेच्या गाठींना तो कारण होत असे. यांच्या जोडीला शेणाच्या कणांतून येणारे ई. कोलाय व साल्मोनेला हे जिवाणू, तसेच गर्भवतीला घातक ठरणारा लिस्टेरिया, यांचाही विचार करावा लागतो.

या सर्वांवरचा उपाय साधा आहे. 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे किंवा 72 अंशांना 15 सेकंद तापवून लगेच थंड करण्याच्या पाश्चरीकरण या प्रक्रियेने दुधातील रोगजंतू मरतात, आणि घरी दूध उकळी येईपर्यंत तापवल्यानेही तेच साधते. 1963 मध्ये स्थापन झालेल्या, ‘गोकुळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघासारख्या संस्थांनी पाश्चरीकृत दूध घरोघर पोहोचवले. तापवल्याने दुधातील प्रथिनांची, कॅल्शियमची आणि मेदाची पौष्टिकता टिकून राहते. ब गटातील काही जीवनसत्त्वांचा थोडा अंश तेवढा कमी होतो, आणि क जीवनसत्त्व दुधात मुळातच अल्प असते. थोडक्यात, येथे विस्तव घेतो फार थोडे आणि वाचवतो फार मोठे. कट्ट्याची परंपरा जपायची असेल तर म्हशींची नियमित रोगतपासणी, लसीकरण, कास आणि हात धुण्याची शिस्त आणि त्याच ठिकाणी दूध तापवून देण्याची सोय हा तिचा खरा सन्मान होईल.

भाजी, मोड आणि पाणी

कच्च्या पालेभाजीतील धोका भाजीचा नसतो, तर तिला मिळालेल्या पाण्याचा व मातीचा असतो. पंचगंगा नदीच्या काठावरील इचलकरंजीत 2012 मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती, आणि 2019 व 2021 च्या महापुरांत नदीचे पाणी शेतांत, वस्त्यांत आणि विहिरींत शिरले होते. पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ गर्भवतींना विशेष घातक असते. सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीवर पट्टकृमीची अंडी असू शकतात. ती पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून फेफरे येऊ शकते, आणि मांस कधीही न खाणाऱ्यालाही हा आजार होतो, कारण तो येथे भाजीतून आणि हातांतून येतो. लिंबू पिळल्याने किंवा मीठ लावल्याने ही अंडी खात्रीने मरत नाहीत. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पान न् पान धुणे हाच उपाय असतो, आणि पुरानंतरच्या दिवसांत पालेभाजी शिजवूनच खाणे योग्य ठरते.

मोडांच्या बाबतीत अधिक सावधगिरी लागते, कारण मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते. जर्मनीत 2011 मध्ये मेथीच्या दूषित बियांपासून काढलेल्या कच्च्या मोडांमुळे ई. कोलायची साथ पसरली, 3,800 हून अधिक लोक आजारी पडले आणि 50 हून अधिक मृत्युमुखी पडले. म्हणून मोड आलेली मटकी वाफवून किंवा उसळ करून खाण्याची मराठी घरांची पद्धत बदलण्याचे कारण नाही. वाफेने क जीवनसत्त्व थोडे घटते, पण मोडांनी घडवलेले बाकीचे फायदे टिकतात.

केवळ कच्च्यावर राहिल्यास

संपूर्ण कच्च्या आहाराचा प्रयोग महात्मा गांधींनी 1929 मध्ये गांभीर्याने केला, सहकाऱ्यांनाही त्यात सामील केले आणि त्याचे अनुभव ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध केले, पण काही महिन्यांतच अशक्तपणा व आव यांमुळे तो त्यांना सोडावा लागला. पुढे 1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत आरोग्यावर लिहिताना, दुधाविना निव्वळ वनस्पतिज आहार पुरेसा पडत नाही, असा आपला अनुभव त्यांनी नोंदवला. 1946 मध्ये त्यांनी उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले आणि मणिभाई देसाई यांनी ते वाढवले. आपला प्रयोग फसल्याचे जाहीरपणे मांडणे, ही या विषयातील त्यांची सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल.

नंतरच्या शास्त्रीय अभ्यासांनी त्यांच्या अनुभवाला दुजोरा दिला. जर्मनीतील गीसन येथील संशोधकांनी दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या 513 व्यक्तींची पाहणी 1999 मध्ये प्रसिद्ध केली. तीत पुरुषांचे वजन सरासरी सुमारे 10 किलो व स्त्रियांचे 12 किलो घटल्याचे, जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या स्त्रियांचे वजन सामान्यापेक्षा कमी असल्याचे आणि 45 वर्षांखालील सुमारे 30 टक्के स्त्रियांची मासिक पाळी अंशतः किंवा पूर्णतः थांबल्याचे आढळले. पाळी थांबणे म्हणजे ऊर्जा अपुरी असल्याची शरीराने दिलेली सूचना असते. याचे गणित सोपे आहे : 100 ग्रॅम काकडीतून सुमारे 15 किलोकॅलरी मिळतात, म्हणजे दिवसाच्या 2,000 किलोकॅलरींसाठी 13 किलोहून अधिक काकडी खावी लागेल, तर ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठातूनच सुमारे 330 किलोकॅलरी मिळतात. स्थूल व्यक्तीला कच्च्या आहाराचा हा कमी ऊर्जेचा गुण काही काळ उपयोगी पडतो. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत या आहाराने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड कमी राहिल्याचेही दिसले. पण त्याच पाहणीत हितकर कोलेस्टेरॉलही कमी होते आणि 38 टक्के लोकांत ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता होती.

हे जीवनसत्त्व केवळ जिवाणू तयार करतात आणि माणसाला ते दूध, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून सुरुवातीला सर्व ठीक वाटते. पुढे हातापायांना मुंग्या, थकवा, विस्मरण आणि पंडुरोग सुरू होतो आणि मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. महाराष्ट्रात ही बाब अधिकच गंभीर आहे, कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण, झोपडपट्टी व मध्यमवर्गीय पुरुषांपैकी सुमारे दोनतृतीयांशांमध्ये ब-12 कमी आढळले होते. ज्या समाजात हा साठा आधीच तोकडा आहे, तेथे दूधदुभतेही वर्ज्य करणारा कच्चा आहार पूरक गोळ्यांविना स्वीकारणे धोक्याचे आहे.

लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता, वृद्ध, क्षय किंवा कर्करोगातून सावरणारे रुग्ण आणि भर व्यायाम करणारे पैलवान यांनी संपूर्ण कच्चा आहार घेऊ नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना तो सुरू करू नये, कारण कर्बोदके अचानक घटल्याने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. इतर निरोगी प्रौढांसाठी दर जेवणात एक मोठी वाटी कोशिंबीर, दिवसातून एक-दोन फळे, उसळीवर पिळलेले लिंबू आणि भिजवलेले मूठभर शेंगदाणे किंवा बदाम एवढे कच्चे अन्न पुष्कळ हित साधते. शहरी जेवणात कोशिंबिरीची जागा तळलेल्या पदार्थांनी घेतली आहे, हे खरे दुखणे आहे; डावी बाजू रिकामी राहिली म्हणून उजवी उचलून ठेवणे हा त्यावरचा इलाज नव्हे. चूल आणि पाटा-वरवंटा, उकळलेले दूध आणि कच्चा कांदा हे एकाच ताटात नांदवण्याचे शहाणपण अनेक पिढ्यांच्या स्वयंपाकघरांनी कमावले आहे, आणि डाव्या बाजूला पुन्हा भरभरून कोशिंबीर वाढणे हेच ते शहाणपण पुढे नेणे होय.